टिळकांच्या घरातले दुःख आणि हसू

दुःख का येते, हा प्रश्न बायबलमध्ये सर्वांत धीटपणे विचारला आहे तो ईयोबाच्या पुस्तकात. संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेला हा सज्जन राखेत बसून देवालाच जाब विचारतो. हे तुझ्याच पापाचे फळ, असे ऐकवणारे मित्र त्याला भेटतात. (असे मित्र आपल्याकडेही कमी नाहीत.) अखेर देव बोलतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही, दोष मात्र मित्रांना देतो. नव्या करारातील याकोबाचे पत्र त्याही पुढे जाते. संकटात आनंद माना, असे ते सांगते. हे घरात, रोजच्या संसारात कसे जमावे?

मराठीत याचा शोध घ्यायचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात डोकवावे लागते. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत मोजली ती पत्नी लक्ष्मीबाईंनी. कडक सोवळ्यात वाढलेल्या, आधीची अपत्ये गमावलेल्या या बाईंची पतीपासून ताटातूट झाली. पदरात लहानगा दत्तू. या दुःखाला त्यांनी हसून दूर सारले नाही. त्या खचल्या, रडल्या आणि त्याच काळात कविता करू लागल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही स्वयंपाक-पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचारातून उमगले. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

दिवस तरीही ओढगस्तीचेच राहिले. पैसे हाती आले की टिळक ते गरजूला देऊन मोकळे होत, घरी अनाथ मुलांचा राबता. 'स्मृतिचित्रे'त हे सारे येते ते तक्रारीच्या सुरात नव्हे. लक्ष्मीबाई पतीच्या विक्षिप्तपणाला हसतात, त्याहून अधिक स्वतःच्या भित्रेपणाला आणि रागाला. त्यांच्या श्रद्धेत उपदेशाचा वास जवळजवळ नाही, म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हे पुस्तक घरातले मानले असावे. टिळकांनी ही श्रद्धा भजन-अभंगांच्या चालीत आणली. 'उपासना संगीत'मधील त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच होते. कधी शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यातील बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत.