प्रश्नांचे वर्तमानपत्र

मनुष्याच्या मनात उद्भवणाऱ्या शंका दोन प्रकारच्या असतात. काही शंकांचे निरसन झाल्यावाचून त्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही. तर काहींमुळे कोणाचे काही अडत नाही, केवळ जिज्ञासा मनाला स्वस्थ बसू देत नाही. धन्याशी केलेला करार मोडावा काय, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. वारा कोठून येतो आणि कोठे जातो, हा दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही प्रसंगी जाणत्यास विचारणे हाच सरळ मार्ग होय. परंतु विचारणाऱ्याच्या मनात संकोच असतो. ‘एवढेही ठाऊक नाही काय?’ असे म्हणून कोणी हसेल, अथवा आपले गुपित चारचौघांत फुटेल, ही भीती त्याचे तोंड बंद करते. या संकोचावर लंडन शहरातील एका ग्रंथविक्रेत्याने सतराव्या शतकात एक नामी उपाय शोधून काढला.

त्याचे नाव जॉन डंटन. १७ मार्च १६९१ रोजी त्याने एक लहानसे पत्र प्रसिद्ध केले. एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंस छापलेल्या या पत्राची किंमत होती एक पेनी. त्याचे नाव आरंभी ‘अथेनियन गॅझेट’ असे होते. लवकरच ते ‘अथेनियन मर्क्युरी’ झाले. प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरीचे लोक नवे काही ऐकण्यास व सांगण्यास सदैव उत्सुक असत, असे बायबलात म्हटले आहे. त्यावरून हे नाव घेतले होते. या पत्रात लढायांच्या अथवा राजदरबाराच्या वार्ता नसत. वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे, एवढाच त्याचा विषय होता.

त्याची व्यवस्था अगदी साधी होती. ज्याला शंका असेल त्याने ती कागदावर लिहून स्मिथ नावाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवावी. स्वतःचे नाव लिहिण्याची आवश्यकता नसे. १६८० सालापासून लंडन शहरात एका पेनीत पत्र पोहोचविणारे टपाल सुरू झाले होते. त्याचा येथे चांगला उपयोग झाला. उत्तर पत्रातच छापले जाई. ज्याने प्रश्न विचारला तो कॉफीगृहात बसून ते वाची, आणि शेजारच्या मनुष्यास त्याचा पत्ताही लागत नसे!

मग काय विचारावे! प्रश्नांचा नुसता वर्षाव होऊ लागला. कोणी विवाहासंबंधी सल्ला मागितला, कोणी धर्मासंबंधी. तर कोणी वाऱ्याचे मूळ विचारले. एका स्त्रीने, स्त्रियांनी प्रश्न पाठविले तर चालतील काय, अशी पृच्छा केली. तेव्हा त्यांच्या प्रश्नांसाठी महिन्यातील एक दिवस राखून ठेवण्याचे ठरले. स्त्रियांनी विद्या संपादन करणे योग्य आहे काय, असाही प्रश्न आला. त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. तरीही पत्राने उत्तर दिले, की स्त्रियांचा आत्मा पुरुषांइतकाच थोर असून त्यांची आकलनशक्ती बहुधा अधिक शीघ्र असते. तेव्हा त्यांनी विद्वान का होऊ नये? जो प्रश्न घरात उच्चारणेही कठीण, तो नाव झाकल्यामुळे साऱ्या नगरासमोर मांडता आला.

परंतु या पडद्याला दुसरीही बाजू होती. त्याआड प्रश्न विचारणारे होते, तसेच उत्तर देणारेही होते. नाना शास्त्रांत पारंगत अशा पंडितांचे एक मंडळ उत्तरे देते, असा लोकांचा समज करून देण्यात आला होता. मंडळाचे म्हणून एक चित्र प्रसिद्ध झाले, त्यात तर बारा सभासद दाखविले होते. प्रत्यक्षात हे कार्य मुख्यतः तिघांवरच चाले : स्वतः डंटन, गणिताचा शिक्षक रिचर्ड सॉल्ट आणि धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली. पुढे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या ग्रंथामुळे जगप्रसिद्ध झालेला जोनाथन स्विफ्ट त्या वेळी तरुण होता. त्याच्यासारख्या बुद्धिमान मनुष्यालाही हा समज खरा वाटला. १६९२ साली त्याची जी पहिली कविता छापली गेली, ती या मंडळाच्या स्तुतिपरच होती!

याचा अर्थ ती उत्तरे त्याज्य होती असे नव्हे. स्त्रियांच्या विद्येविषयीचे उत्तर तिघांनी दिले काय आणि बाराजणांनी दिले काय, त्यातील कारणे सबळ आहेत म्हणून ते ग्राह्य ठरते. उलट, काही प्रश्नांची पुरी उत्तरे त्या काळी कोणापाशीच नव्हती. सूर्याच्या उष्णतेने हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास दुसरी हवा धावते, हे एडमंड हॅली या शास्त्रज्ञाने १६८६ साली मांडले होते. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे व्यापारी वाऱ्यांची दिशा कशी बदलते, हे जॉर्ज हॅडली याने १७३५ साली दाखविले. बारा पंडित एकत्र बसले म्हणून ते आधी कळले असते असे नाही.

‘अथेनियन मर्क्युरी’ १६९७ साली बंद पडले; पण त्याने घालून दिलेली प्रथा टिकून राहिली. आजही अनेक वृत्तपत्रांत व मासिकांत वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारी सदरे असतात, आणि पुष्कळ वाचक नाव न देता आपली अडचण मांडतात. त्यात कमीपणा नाही. विचारणाऱ्याचे नाव झाकलेले असले तरी प्रश्नाचे मोल घटत नाही. उत्तराची गोष्ट मात्र वेगळी आहे. उत्तर देणारा कोण, हे त्यास काय ठाऊक आहे आणि तो कोणती कारणे देतो, हे पाहिल्यावाचून त्याच्या सल्ल्याने चालू नये. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण प्रसिद्ध आहे. मात्र ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये विचार करण्यास जागा ठेवली, तरच ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.