पॅनेल वर, भरवसा खड्ड्यावर

वेल्हे तालुक्याचे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचे, पाण्याशी नाते अजब आहे. पावसाळ्यात खाचरे तुडुंब, आणि चैत्र-वैशाखात बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी. म्हणून सरकारी योजनेतून सौर कृषी पंप मंजूर झाला तेव्हा आमच्या घरात ईदसारखा आनंद होता. किमतीचा १० टक्के हिस्सा आमचा. अम्मीने साठवलेले पैसे त्यात गेले. विहिरीजवळच्या खाचरात खांब उभा राहिला आणि ३ अश्वशक्तीचा पंप पाणी ओढू लागला.

आषाढातल्या एका वादळी रात्रीनंतर सकाळी पाहतो तो खांब कललेला! पॅनेल शाबूत होते, हे नशीब. पायाशी माती लोण्यासारखी झाली होती. उकरून पाहिले, तर काँक्रीट जेमतेम दोन फूट. बसवणाऱ्यांनी घाईत उरकले होते, हे खरे. पण खड्डा भरला जात होता तेव्हा आम्ही चहापाण्यात गुंतलो होतो. टेप कुणीच लावली नाही.

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळले आणि घाट चढून पुणे जिल्ह्यातही आले. एवढ्या वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ५७ किलोचा दाब देतो. सहा मोठ्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण १५ चौरस मीटर, म्हणजे ढोबळ हिशोबाने साडेआठशे किलो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. तिरक्या पॅनेलखाली शिरलेला वारा छत्रीसारखा वर उचलतो, आणि उंच खांब त्या वेळी पहारीचे काम करतो.

हा जोर पेलतो तो पाया. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट खोल काँक्रीटचे वजन एक टनाहून थोडे जास्त भरते. तेच पाण्याने भरलेल्या जमिनीत बुडाले की त्याचा भार सव्वासहाशे किलोच्या आसपास उरतो, कारण पाणी त्याला वर ढकलते. वर ओल्या मातीची पकडही सुटते. उन्हाळ्यात पहाडासारखा वाटणारा खांब श्रावणात डुलतो तो यामुळेच.

म्हणून जागा निवडताना खाचराचा तळ टाळावा. बांधाजवळचा उंच, मुरमाड तुकडा बरा. पायाभोवती पाणी साचू नये म्हणून चर काढावा. खड्ड्याची खोली मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, ते स्वतः मोजावे आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी फोटो घ्यावा. खांबाला जस्ताचा मुलामा हवा. कापलेल्या किंवा वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा रंग लावावा. महाड-श्रीवर्धनकडच्या आमच्या वाचकांनी खाऱ्या वाऱ्यामुळे याकडे दुप्पट लक्ष द्यावे. नट-बोल्ट मृगाआधी आणि दिवाळीनंतर आवळावेत. आपल्याकडे पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण १८ अंश असतो. उतार बदलता येणारा सांगाडा असेल, तर वादळाचा इशारा मिळताच पॅनेल आडवे करावेत. अर्थिंग आणि वीजरोधक हवाच.

एक गोष्ट मुलाबाळांनाही सांगा: पॅनेल पडले, तुटले, तरी उजेड आहे तोवर त्यात वीज असते. त्याला हात लावू नये.

आम्ही खांब स्वतः सरळ करण्याच्या फंदात पडलो नाही. या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह असते. फोटो जोडून तक्रार नोंदवली. पावसाळाभर पंप बंद ठेवला, आणि जमीन वाळल्यावर पाया बांधाजवळच्या मुरमात नव्याने घातला गेला. या वेळी अब्बा सकाळपासून टेप हातात धरून खड्ड्याशी बसले होते. चहा गार झाला, पण ते उठले नाहीत.

फुकटाच्या जवळपास मिळालेली वस्तूही अमानत असते. तिचा पाया आपणच तपासायचा.