उन्हातून आल्यावर अक्षरे पुसट का होतात?

नवी दिल्ली : ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ झालेली व्यक्ती सकाळी वर्तमानपत्र सहज वाचते, दुपारी उन्हातून चालून आल्यावर मात्र त्याच अक्षरांवर धुके पसरते. विश्रांतीनंतर नजर पुन्हा स्वच्छ होते. घरच्यांना किंवा कार्यालयातील सहकाऱ्यांना हे ढोंग वाटू शकते. वैद्यकशास्त्राला मात्र हा प्रकार १८९० पासून ठाऊक आहे. शारीरिक श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, अशी नोंद जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी त्या वर्षी केली. खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान होय, हे पुढे उलगडले. एमआरआय नसण्याच्या काळात रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदानाची खातरजमा केली जात असे!

या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधील तंतूंचे मायलिन हे आवरण नष्ट करते. उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे सरकतो. शरीराचे तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढले तरी तो अडू शकतो. पायांचेही असेच होते. सुरुवातीला चाल सरळ असते, काही अंतरानंतर पाऊल फरफटू लागते आणि थोडे बसल्यावर पुन्हा उचलते. दिवसभर अंगात भरून राहणाऱ्या थकव्याहून ही अवस्था वेगळी आहे.

शरीर थंड झाल्यावर ओसरणाऱ्या अशा लक्षणांमुळे नसांची नवी हानी होत नाही. थंड पाणी, ओला पंचा, पहाटेचा व्यायाम हे साधे उपाय उपयोगी पडतात. मात्र एका डोळ्याची नजर कमी होणे, डोळा फिरवताना दुखणे, लाल रंग फिका दिसणे ही लक्षणे २४ तासांहून अधिक टिकली, तर तो नसेच्या दाहाचा नवा झटका असू शकतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना तातडीने दाखवावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे. अनेक सवलतींसाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. तासागणिक बदलणारी क्षमता काही मिनिटांच्या तपासणीत पकडणे अवघडच. किती अंतर चालल्यावर पाय ओढला जातो, किती वेळ वाचल्यावर अक्षरे विरतात, याची तारीखवार नोंद रुग्णाने सोबत नेल्यास डॉक्टरांसमोर पूर्ण चित्र येऊ शकते.