टेबलावरची असई

सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल. निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या म्हणजे केळणा आणि जुई या नद्या. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात २८ मिलिमीटरचे रंगवलेले शिपाई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात झालेली असईची लढाई फासे टाकून, पट्टीने इंच मोजत पुन्हा लढणारे लोक इंग्लंड-अमेरिकेत आहेत.

या छंदाचं मूळ प्रशियात सापडतं. राइसविट्झने १८२४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ नियमबद्ध केला. त्यात पंच असे, आणि शत्रू कुठे आहे हे पंच सांगेल तेवढंच खेळाडूला कळे. पुढे १८९३ पासून ब्रिटन्स कंपनीचे पोकळ शिशाचे शिपाई स्वस्तात मिळू लागले आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. वसाहतकाळाच्या खेळाला मात्र खरा चेहरा दिला लॅरी ब्रोमच्या ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ या १९७९ च्या नियमपुस्तकाने. पत्त्यांच्या गड्डीतून लाल पान निघालं की एका बाजूची तुकडी हलते, काळं निघालं की दुसऱ्या बाजूची. पुढचं पान कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

खेळ रंगतो, यात शंका नाही. पण त्याचा साचा ठरलेला आहे: एकीकडे मूठभर, शिस्तीचे, बंदूकधारी गोरे, दुसरीकडे भालेवाल्यांची लाट. १८७९ ची रोर्क्स ड्रिफ्टची लढाई, म्हणजे सुमारे दीडशे ब्रिटिश आणि तीन-चार हजार झुलू, या मंडळींची अत्यंत लाडकी. त्याच दिवशी इसांडल्वानाला झुलूंनी ब्रिटिश छावणी कापून काढली होती. तीही लढाई खेळली जाते, पण पहिलीचा मान तिला नाही.

असई या साच्यात बसत नाही. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्या पायदळात ७४ वी आणि ७८ वी या दोनच गोऱ्या पलटणी होत्या. बाकीचे मद्रासचे शिपाई. समोर शिंद्यांचं कवायती पायदळ, त्याचा सेनापती हॅनोव्हरचा अँथनी पोलमन, जोडीला बेगम समरूच्या पलटणी आणि शंभरच्या आसपास तोफा. ‘गोरे’ आणि ‘नेटिव्ह’ असे दोन तक्ते घेऊन बसणाऱ्याने कुणाला कुठे घालायचं?

खरी गोम प्रमाणात आहे. एक शिपाई म्हणजे वीस माणसं धरली, तर सुमारे पाचशेंची ७४ वी पलटण पंचवीस बाहुल्यांत उरकते. पोलमनकडच्या दहा हजारांवर पायदळाला पाचशेहून जास्त लागतात. (रंगवणाऱ्याची कीव येते.) तोफेचं मॉडेल मात्र तळहाताएवढी जागा खातं, म्हणून शंभराच्या जागी टेबलावर जेमतेम दहा-बारा उरतात. हरवलेला मारा मग आकड्यांतून भरून काढावा लागतो, आणि नियम लिहिणाऱ्याचा पूर्वग्रह नेमका तिथेच उघडा पडतो. ‘देशी तोफखाना, दुय्यम दर्जा’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण याच तोफांनी ७४ वी पलटण जवळजवळ संपवली आणि वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठून तिच्या पाठीवर तोफा डागू लागले. यासाठी माझ्या मते वेगळा नियम हवा: तोफ ‘पडली’ तरी मॉडेल उचलायचं नाही, पुढच्या फेरीला फासा टाकायचा, चार किंवा जास्त आले तर ती पुन्हा जिवंत.

आणखी एक अडचण केळणा नदीची. वाटाड्यांनी उतार नाही म्हणून सांगितलं होतं. समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड दिसताच वेलस्लीने ताडलं, की दोन गावांत ये-जा आहे म्हणजे उतार असणारच. टेबलावर तो उतार दोघांनाही दिसतो. मराठ्यांच्या बाजूने खेळणारा पहिल्याच चालीत तिथे तोफा लावतो आणि लढाई सुरू होण्याआधीच आटोपते. म्हणून इथे राइसविट्झचा पंच परत आणावा लागतो.

उरतं मराठ्यांचं घोडदळ. संख्येने प्रचंड, पण त्या दिवशी बहुतांशी बघत राहिलेलं. खेळाडूच्या हाती ते मोकळं दिलं, तर वेलस्ली जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. म्हणून मी त्याला फाशावर सहा पडल्याशिवाय हलू देणार नाही, आणि माझ्या समोर बसणारा मराठी माणूस यावर भांडणार, हेही मला ठाऊक आहे.