पहिलीचा वर्ग : पाया रचणाऱ्या शिक्षकाला हवे पाठबळ

शालेय शिक्षणाच्या बारा वर्षांच्या वाटचालीत पहिलीचा वर्ग हा सर्वांत सोपा टप्पा मानण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली आहे. दहावी आणि बारावीच्या निकालांवर घरोघरी चर्चा होते. पहिलीत दाखल झालेले मूल वर्षअखेरीस एखादे साधे वाक्य समजून वाचते किंवा नाही, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. अनुभवी शिक्षकांकडे वरचे वर्ग सोपवायचे आणि लहान मुलांचा वर्ग नवख्या शिक्षकाच्या हाती द्यायचा, ही रीतही अनेक शाळांना अपरिचित नाही. गेल्या काही वर्षांत हा दृष्टिकोन बदलू लागला असून, शाळेचे पहिले वर्ष हेच सर्वाधिक साहाय्याचे हक्कदार आहे, ही भूमिका देशाच्या शैक्षणिक धोरणात स्पष्टपणे मांडण्यात आली आहे.

पहिले वर्ष निर्णायक का?

पहिलीच्या वर्गात एकाच बाकावर बसणारी मुले एकाच ठिकाणाहून आलेली नसतात. कोणी तीन वर्षे अंगणवाडीत गाणी-गोष्टी ऐकलेल्या असतात, कोणी खासगी बालवर्गात मुळाक्षरे घोटलेली असतात, तर कोणाच्या घरात छापील पुस्तक पहिल्यांदाच आलेले असते. पाठ्यक्रम मात्र सर्वांसाठी एकच असतो आणि तो थांबत नाही. तिसरीपासून भाषा, गणित व परिसर अभ्यास या विषयांची पुस्तके मूल वाचू शकते, असे गृहीत धरून लिहिलेली असतात. तोपर्यंत मूल वाचायला शिकते. त्यानंतर ते वाचून शिकते. पहिल्या दोन वर्षांत वाचनाची वाट न सापडलेले मूल पुढच्या वर्गात जाते. परंतु अक्षरओळख करून देणे ही तेथील शिक्षकाची जबाबदारी उरत नाही. मूल शाळेत येत राहते, हजेरीपटावर त्याचे नावही राहते, पण ते वर्गात गप्प होते. कालांतराने हेच मूल शाळा सोडण्याची शक्यता वाढते.

धोरणांची वाटचाल

शाळापूर्व शिक्षणाची जाणीव या देशात नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ही संस्था देशभर नेली. तथापि, अंगणवाडी एका विभागाच्या अखत्यारीत आणि शाळा दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत राहिल्याने दोहोंमधला सांधा कच्चाच राहिला.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील बालकांना शाळेचा अधिकार दिला. त्यानंतर २०१४ मध्ये केंद्र सरकारने पहिली व दुसरीसाठी ‘पढे भारत बढे भारत’ हा स्वतंत्र उपक्रम हाती घेतला. वर्षभरात भाषेसाठी ५०० आणि गणितासाठी ३०० तास राखून ठेवावेत, असे त्यात सुचवण्यात आले होते.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट एकसंध मानला. अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन वर्षे मिळून ‘पायाभूत स्तर’ निश्चित झाला. या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियानाचा प्रारंभ झाला. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि मूलभूत आकडेमोड करता यावी, यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरवण्यात आले. पहिलीपुरते उद्दिष्ट मोजक्या शब्दांत मांडलेले आहे : अपरिचित मजकुरातील चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे, ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, तसेच साधी बेरीज-वजाबाकी करणे.

‘विद्याप्रवेश’ : तीन महिन्यांचा पूल

घरातून अथवा अंगणवाडीतून शाळेत येणाऱ्या मुलाला थेट पाठ्यपुस्तकासमोर बसवू नये, या विचारातून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने ‘विद्याप्रवेश’ हा तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम तयार केला. २९ जुलै २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मुलांचे आरोग्य व स्वास्थ्य, प्रभावी संवादक्षमता आणि परिसराशी जोडलेले शिकणे, ही त्याची तीन विकासात्मक उद्दिष्टे आहेत. गोष्ट ऐकून तिच्याविषयी बोलणे, मणी ओवणे, वस्तूंचे गट करणे, मातीत किंवा पाटीवर रेघा ओढणे, टाळ्यांच्या ठेक्यावर शब्दांचे तुकडे पाडणे अशा कृतींचा त्यात समावेश आहे. वरकरणी हा खेळ दिसत असला, तरी लेखनासाठी बोटांची व वाचनासाठी कानांची तयारी त्यातूनच होत असते.

महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबवण्यात आले. शाळेत भरणाऱ्या मेळाव्यात पहिलीत येणाऱ्या मुलांची चाचपणी खेळांमधून होते. त्यानंतर मातांचे गट तयार करून, उन्हाळ्याच्या सुटीत घरच्या घरी करता येतील अशा कृतींची कार्डे त्यांना दिली जातात. निवडलेली भाजी वेगळी करणे किंवा धुतलेले कपडे जोडीने लावणे हासुद्धा गणिताचा पाठ ठरतो, ही बाब त्यातून पालकांच्या लक्षात येते.

अक्षर आणि अंक : वाटते तितके सोपे नाही

पहिलीला शिकवणे म्हणजे मुळाक्षरे पाठ करून घेणे, हा समज व्यापक आहे. प्रत्यक्षात हे काम विशेष कौशल्याचे आहे. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने अक्षरे गिरवून घेतल्यास महिनोन्‌महिने मुलाच्या हाती एकही अर्थपूर्ण शब्द लागत नाही. याउलट म, क, ल ही मोजकी अक्षरे आणि काना एवढ्याच सामग्रीवर ‘मामा’, ‘काका’, ‘काल’, ‘मला’, ‘कमल’ असे शब्द पहिल्या काही आठवड्यांत वाचता येतात. आपण वाचू शकतो, हा विश्वास मुलाला त्यातून मिळतो. मात्र कोणती अक्षरे आधी घ्यावीत, कोणत्या मुलाला ध्वनीतील फरक ऐकू येत नाही, कोणाला मात्रा उमगत नाही, हे ओळखण्यासाठी शिक्षकाची नजर तयार असावी लागते.

गणिताचेही तसेच आहे. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दोन आधी लिहिला जातो. त्यामुळे मूल २५ ऐवजी ५२ लिहिते, ते निष्काळजीपणामुळे नव्हे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर वादंग उठले. त्या वादाच्या मुळाशी हीच अडचण होती. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून, नंतर चित्र आणि शेवटी अंक, या क्रमाने गेल्यास ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. त्यासाठी काड्यांइतकीच गरज असते ती वेळेची.

घरची भाषा, शाळेची भाषा

गोंडी, कोरकू, पावरी किंवा कोलामी बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा त्याला एकाच वेळी नवी लिपी आणि नवी भाषा शिकावी लागते. ओडिशाने २००६-०७ पासून संथाळी, सौरा, कुई, जुआंग यांसह दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणाचा प्रारंभ केला आणि पुढे २१ भाषांपर्यंत त्याचा विस्तार केला. शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे, असे शिक्षण हक्क कायदाही सांगतो. परभाषक मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाला त्या भाषेतील शे-दोनशे शब्द अवगत असले आणि मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर त्याने स्वीकारले, तरी वर्गाचे चित्र पालटते.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास. आईवडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलाचे पहिलीचे वर्ष जेमतेम चार महिन्यांचे उरते. अशा मुलांना गावीच ठेवता यावे, यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबवण्यात आली. तिचा लाभ किती मुलांपर्यंत पोहोचतो, यावर त्या मुलांचा पाया अवलंबून असतो.

पाठबळ म्हणजे नेमके काय?

‘समग्र शिक्षा’ योजनेत २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी पायाभूत टप्प्यातील प्रत्येक मुलामागे शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपयांपर्यंत, तर शिक्षक मार्गदर्शिकांसाठी प्रत्येक शिक्षकामागे १५० रुपयांची तरतूद करण्यात आली. ‘दीक्षा’ या व्यासपीठावर शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग उपलब्ध झाले. २० फेब्रुवारी २०२३ रोजी खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलक व गोष्टींची पुस्तके असलेला ‘जादुई पिटारा’ प्रकाशित करण्यात आला.

हे साहित्य आवश्यक आहे. परंतु पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहिली, तर तिचा उपयोग नाही. वस्तू हरवेल आणि जाब द्यावा लागेल, ही भीती शिक्षकाच्या मनातून काढणे हादेखील साहाय्याचाच भाग आहे. प्रशिक्षणाचेही असेच आहे. पाच दिवसांच्या शिबिरातून परतलेला शिक्षक सोमवारी वर्गात एकटाच असतो. तेथे त्याच्या शेजारी बसून पाठ पाहणारा, एखादी कृती स्वतः करून दाखवणारा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येणारा सहकारी त्याला हवा असतो. केंद्रप्रमुख आणि साधनव्यक्ती यांच्याकडून हीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा वेळ माहिती गोळा करण्यात आणि अहवाल पाठवण्यात खर्च होतो.

तमिळनाडूचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. चेन्नई महापालिकेच्या १३ शाळांत २००३ मध्ये सुरू झालेली कृतियुक्त अध्ययन पद्धती काही वर्षांतच राज्यातील सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचली. मुलांनी आपापल्या गतीने कार्डांच्या साहाय्याने शिकावे आणि शिक्षकाने त्यांच्यात जमिनीवर बसावे, अशी तिची रचना होती. २०२२ मध्ये त्याच राज्याने पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’, म्हणजे अंक आणि अक्षर, हा कार्यक्रम आणला. त्यात मुलांच्या तयारीनुसार तीन पातळ्यांचे साहित्य आहे. त्या पातळ्यांना कळीपासून फुलापर्यंतची नावे देण्यात आली आहेत. महत्त्वाची बाब म्हणजे या कार्यक्रमात शिक्षकांचे प्रशिक्षण एकदाच उरकले जात नाही. ते प्रत्येक सत्रागणिक होते.

आकडे काय सांगतात?

‘असर’ या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणानुसार, सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोना काळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत वाढले. त्याच सर्वेक्षणात पायाभूत साक्षरतेविषयी सूचना मिळालेल्या आणि किमान एका शिक्षकाला प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळालेल्या शाळांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आढळले. सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच पहिलीत बसवलेल्या मुलांचे प्रमाणही २०१८ मधील २५.६ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांपर्यंत खाली आले.

ही सुधारणा आशादायक आहे. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की तिसरीतील दर चार मुलांपैकी सुमारे तीन मुले अद्याप अपेक्षित पातळीवर वाचत नाहीत. सूचना आणि प्रशिक्षण बहुतांश शाळांपर्यंत पोहोचले आहे. ते मुलापर्यंत पोहोचवण्याचे काम शिल्लक आहे. ६० पर्यंत पटसंख्येच्या प्राथमिक शाळेला कायद्यानुसार दोन शिक्षक मिळतात. साहजिकच पहिलीची मुले बहुधा अन्य दोन-तीन इयत्तांसह एकाच खोलीत बसतात. त्यातील एक शिक्षक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामावर गेला, की सर्वांत आधी वेळ कमी होतो तो पहिलीचा, कारण ही मुले तक्रार करत नाहीत.

म्हणूनच पहिलीसाठी अनुभवी शिक्षक नेमणे, त्याला किमान दोन वर्षे त्याच मुलांसोबत राहू देणे, अशैक्षणिक कामांतून त्याचे तास वाचवणे आणि महिन्यातून एकदा तरी जाणत्या सहकाऱ्याची भेट घडवणे, या चार गोष्टींना कोणत्याही साहित्यपेटीइतकेच महत्त्व द्यावे लागेल. सहा वर्षांच्या मुलाला पहिले वर्ष एकदाच मिळते. ते साधले, तर पुढील शाळेचा भार त्याला पेलता येतो.