गोडादऱ्यातील गुजरातीचा तास

सुरतेच्या गोडादरा, डिंडोली, लिंबायत या वस्त्यांतून सकाळच्या वेळी फिरावे, तर कानांवर पडणारी बोली पुष्कळदा धुळे-जळगावची असते. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने उधन्यास उतरलेली खानदेशी कुटुंबे यंत्रमागांवर आणि कापडबाजारात कामास लागली व येथेच स्थिरावली. त्यांची मुले घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी बोलतात. सुरत महानगरपालिका इतर माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी गुजरात विधानसभेने संमत केलेल्या कायद्यान्वये राज्यातील सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकविणे अनिवार्य झाले. न शिकविणाऱ्या शाळेस पहिल्या खेपेस ५० हजार रुपये दंड आहे.

कायद्याने तास मिळाला खरा. पण तो भरावयाचा कसा, हा प्रश्न शिक्षकाच्या टाचणवहीतच सुटावयाचा असतो. हे काम एखाद्या सहायकाकडे आले, तर अडचण अधिकच. वर्ग त्याचा नव्हे, फळा त्याचा नव्हे. वर्गशिक्षकांचे गणित लांबले की पहिली दहा मिनिटे त्यात जातात. कवायतीची तालीम निघाली की सर्वांत आधी हाच तास उडतो. जपानमध्ये इंग्रजीसाठी १९८७ पासून परदेशांतून तरुण सहायक भाषाशिक्षक आणले जातात. तेथेही तास मुख्य शिक्षकाच्या जोडीने घ्यावयाचा असतो, आणि कित्येकांस आठवड्यात अनेक शाळा हिंडाव्या लागतात. अशा शिक्षकाने मुख्य शिक्षकाशी आधी दहा मिनिटे बसून बोलून घेतले नाही, तर तो वर्गात नुसता वाचून दाखविणारा होतो. आपल्याकडेही याहून वेगळे घडत नाही.

वर्षाची आखणी करताना छापील सुट्ट्यांच्या यादीवर विसंबू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे. पण गोडादऱ्याचे पंचांग निराळे! श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, सोमवारी तिचे विसर्जन. त्या सोमवारी नवा पाठ काढणाऱ्या शिक्षकास बाके मोकळी दिसली, तर दोष मुलांचा नव्हे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, २०२३ मध्ये २२ एप्रिलला आली, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. आखाजी आली की गाडीत जागा मिळो न मिळो, कुटुंबे गावाकडे निघतात. म्हणून कठीण भाग दिवाळीपूर्वी उरकावा, आणि उत्तरायणानंतर उजळणी व वाचन ठेवावे, हे शहाणपणाचे. याच कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, ते पाठाच्या तयारीसह, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी असते.

आता प्रत्यक्ष पाठाविषयी. बहुतेक टाचणांत पहिला पाठ मुळाक्षरांचा असतो. माझ्या मते ती चूक आहे. मूल वर्गात येते तेव्हा निम्मी गुजराती त्याच्या घरच्या बोलीतच असते. मराठीत आपण ‘आहे’ म्हणतो. अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. ‘तुनं नाव काय शे?’ आणि ‘तारुं नाम शुं छे?’ ही वाक्ये शेजारी शेजारी मांडा, वर्ग आपोआप हसू लागतो. ‘रामनं घर’ म्हणणाऱ्या मुलास ‘रामनुं घर’ शिकवावे लागत नाही, नुसते दाखवावे लागते. तिन्ही लिंगेही तयारच आहेत : मुलगा, मुलगी, मूल, छोकरो, छोकरी, छोकरुं. ज्या अहिराणीबद्दल शाळेत मूल दटावले जाते, तीच येथे उपयोगी पडावी, यात मला फार समाधान वाटते.

अक्षरे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्यावीत. गुजरातीला शिरोरेषा नाही. ग, म, न, प, र, व ही अक्षरे रेघ काढून टाकताच ओळखू येतात. क, ख, ज, झ, फ, ब, भ, अ, इ यांची वळणे मात्र निराळी, त्यांस वेळ द्यावा. एका तासास दोनच.

एक शब्द जपून वापरावा. चुकलेल्या उत्तरास गुजरातीत ‘खोटुं’ म्हणतात. मराठी मुलास ते ‘खोटे’ ऐकू येते. आपण लबाडी केली असे बाईंना वाटले, अशी त्याची समजूत होते. मग ते मूल पुन्हा हात वर करीत नाही. हा अर्थभेद पहिल्याच दिवशी, थट्टेच्या सुरात का होईना, सांगून टाकावा.

या अर्ध्या तासाची किंमत परीक्षेच्या गुणांत नाही. महानगरपालिकेची नोटीस, शिधापत्रिका, दवाखान्यातील सूचना गुजरातीत असतात. बाप पाळीवर गेलेला, आई साडीला टिकल्या लावण्यात गुंतलेली. कागद दारात आला की तो वाचावयास दहा वर्षांचे मूलच पुढे येते. म्हणून पाठ्यपुस्तकातील धड्यांबरोबर महिन्यातून एकदा असा खराखुरा कागद वर्गात आणावा : वीजबिल चालेल, लसीकरणाची सूचना चालेल. कानबाईनंतरच्या मंगळवारी मात्र कागद नको. त्या दिवशी घरी रोट कसे झाले, ते ज्याने त्याने चार वाक्यांत गुजरातीत सांगावे. ‘रोट’ला गुजराती शब्द शोधीत बसू नये, तो तसाच राहू द्यावा.