दहा बाय बाराची खोली आणि बंद पडलेला पगार

गिरणगावातल्या जुन्या भाडेपावत्या बघण्याचा मला अनेक वर्षांचा नाद आहे. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड इथल्या चाळींत गप्पा रंगल्या की कुणीतरी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढतं. रेशनकार्ड, गिरणीचा पास, फंडाच्या स्लिपा यांच्याखाली पावत्यांचा गठ्ठा असतो. या पावत्या ओळीनं लावल्या की वर्षं पुढे सरकतात, मेहताजीचं अक्षर बदलतं, भाड्याचा आकडा मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. वाढ दिसते ती मुख्यतः करांच्या आणि सेसच्या रकमेत. त्या न हललेल्या आकड्यानं हजारो कुटुंबांना त्यांच्या सर्वांत वाईट काळात रस्त्यावर येऊ दिलं नाही, असं माझं ठाम मत आहे. आज ज्यांची नोकरी सकाळच्या एका मेलनं जाते आणि महिनाअखेरीला घराचा हप्ता दारात उभा असतो, त्यांनी त्या खोलीचा हिशेब समजून घ्यावा म्हणून हा लेख.

गिरणी संपाचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढच्या शतकभरात या गिरण्यांनी मुंबई घडवली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मान्यताप्राप्त संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ असल्यानं सरकार आणि मालक सामंतांशी बोलायला तयार झाले नाहीत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण बऱ्याच कामगारांना त्यांनी परत घेतलं नाही. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि तिच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले.

माझं मन मात्र या घटनाक्रमापेक्षा खोलीतच जास्त रमतं. पगार बंद झाल्यावर माणूस राहतो कसा, याचं उत्तर तिथं सापडतं.

आधी कायदा पाहू. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं खोल्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. भाडेकरू ठरलेलं भाडं देतो आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला भाड्याच्या कारणावरून त्याला काढता येत नसे. सहा महिने किंवा त्याहून जास्त भाडं थकलं, मालकाची नोटीस आली आणि त्यानंतर महिनाभरात ते चुकतं केलं नाही, तर मात्र खोली धोक्यात येई. भाड्याची रक्कमच इतकी लहान होती की बायको दोन घरची धुणीभांडी करून ती उभी करू शके. मालकांची बाजूही खरी आहे. त्या भाड्यात इमारतीला रंग लावणंही परवडत नव्हतं, जिने खचले, छतं गळू लागली आणि १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा वेगळा कायदा करावा लागला. तरीही १९८२ च्या पावसाळ्यात गळक्या छताखाली का होईना, संपकरी कामगाराचा संसार मुंबईत टिकला तो या कायद्यामुळे.

भाडं जास्त असलं की काय होतं, याचंही उदाहरण याच वस्तीत आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, मुंबई विकास खातं निघालं. कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात लावून ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. बांधकाम काँक्रीटचं आणि मजबूत होतं, तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यातल्या पुष्कळ खोल्या ओस पडल्या होत्या, कारण भाडं कामगाराच्या आवाक्यात नव्हतं आणि खोल्याही अंधाऱ्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या रिकाम्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला! मुंबईत माणसं फुटपाथवर झोपत होती आणि सरकारनं बांधलेल्या घरांत कैदी ठेवले जात होते. घर बांधणं आणि ते परवडण्याजोगं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईनं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे गावकऱ्यांची खोली. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावाच्या मंडळानं मुंबईत एक खोली घेतलेली असे. तिथं त्या गावचे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त पुरुष राहत. भिंतीला ओळीनं ट्रंका, वर वळकट्या, दोरीवर कपडे. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन अंग टाकी, तेव्हा पहिल्या पाळीचा कामावर गेलेला असे. बाकीचे गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर पथारी टाकत. दरमहा वर्गणी निघे आणि तिचा हिशेब वहीत लिहिला जाई.

लालबागच्या एका मंडळाची अशी वही मला तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी दाखवली. वहीच्या काही पानांवर चार-पाच नावांपुढे आकडाच नव्हता. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "तेंका काम नव्हता तेव्हा. कामाक लागल्यावर देतले." गावाहून नवा आलेला मुलगा बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राही. आज काम मिळेल, उद्या मिळणार नाही, अशी त्याची स्थिती. तोवर त्याच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, ही रीत होती. अडीअडचणीला उचल मिळे, आजारी पडला तर एसटीच्या तिकिटाची सोय होई. सरकारनं बेकारभत्ता दिला नाही, तो या वहीनं दिला. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर लिहिताना गाव, शेजार आणि उधारी यांच्या जाळ्याला इतकं महत्त्व का दिलं, ते ती वही हातात घेतल्यावर मला नीट उमगलं.

संपात हेच जाळं ताणलं गेलं. सगळ्यांचाच पगार बंद, मग वर्गणी कोण देणार? पुष्कळांनी गावचा रस्ता धरला. भात लावणीला, नांगरणीला ते हात उपयोगी पडले. मात्र खोलीचं भाडं देण्यासाठी एक-दोघांना मागं ठेवलं जाई. खोली सोडायची नाही, यावर गावाचं एकमत असे.

कुटुंबाच्या खोलीची कथा वेगळी, आणि तिथली लढाई बायकांनी लढलेली. डिलाईल रोडच्या एका चाळीत पाटण तालुक्यातल्या एक काकू मला भेटल्या. त्या खाणावळ चालवत. एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांना, त्यांच्या भाषेत 'मेंबरांना', दोन वेळचं जेवण घालायचं आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह, पिठाचे डबे, पाण्याचे पिंप, माळ्यावर मुलांचा अभ्यास. पूर्वी वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच त्यांची कमाई जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिलं. खाणावळवालीला बँकेनं दारात उभं करणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

संप झाला तेव्हा काकूंचा नवरा बेकार झालाच, पण त्यांचे सगळे मेंबरही बेकार झाले. घरातल्या दोन्ही कमाया एकाच दिवशी थांबल्या. "त्यास्नी उपाशी कसं घालवायचं? म्या दोन म्हयनं उधारीवर घातलं. मग माझंच पीठ सरलं," असं त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी बँकेतल्या आणि कचेऱ्यांतल्या लोकांना डबे द्यायला सुरुवात केली. माळा एका कॉलेजच्या मुलाला झोपायला दिला आणि त्याच्या पैशांत खोलीचं भाडं सुटलं. नवरा गावी शेती बघायला गेला. दागिने गेले, थोरल्या मुलीची शाळा सुटली, याचं दुःख त्यांच्या बोलण्यात आजही आहे. पण खोली विका म्हणून सांगत आलेल्या दलालाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "खोली गेली की मुंबई गेली. नोकरी गेली तर दुसरी बघता येती."

ज्यांनी खोली विकली त्यांना मी दोष देत नाही. आजारपण, मुलीचं लग्न, पठाणी व्याज यांपुढे माणूस किती तग धरणार? पगडीचे पैसे घेऊन ती कुटुंबं डोंबिवली, नालासोपारा, बदलापूरकडे गेली. पैसे काही वर्षांत संपले आणि कामाला जायला रोजचा लोकलचा प्रवास मागं लागला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात संपानंतरच्या अशाच एका कुटुंबाची घुसमट आहे, ते मिळेल तिथं पाहावं. पुढे म्हाडानं गिरणी कामगारांसाठी घरं दिली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ आणि २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या घरात होते, आणि घर २२५ चौरस फुटांचं.

आता आजचं गणित. समजा पुण्यात वाकड-पुनावळे भागात फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतलं. हप्ता बसतो सुमारे ४३,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० रुपये नुसतं व्याज असतं, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत मुद्दल फारसं कमी होतच नाही. तीन महिने हप्ता थकला की खातं बुडीत कर्जात जातं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. काकूंना कायद्यानं दिलेली सवड आणि भाड्याचा आकार आठवा, म्हणजे आजच्या तिशीतल्या इंजिनिअरच्या पायाखाली किती पातळ जमीन आहे ते कळेल. त्याचा पगार काकूंच्या नवऱ्याहून कितीतरी मोठा, पण त्याला श्वास घ्यायला जागा लहान.

माझ्या भाच्याची नोकरी अशीच गेली. हिंजवडीतली कंपनी, दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. त्या रात्री त्यानं मला फोन केला. "मामा, फ्लॅट काढून टाकू का?" मी त्याला काकूंची गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी तो बायको-मुलीसह चिंचवडला आईवडिलांकडे राहायला गेला आणि फ्लॅट भाड्यानं दिला. हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग त्यातून निघाला. दोन खोल्यांत पाच माणसं, घरातल्यांना ते जड गेलंच. पण सात-आठ महिन्यांनी थोड्या कमी पगारावर दुसरी नोकरी लागली तेव्हा फ्लॅट त्याचाच होता.

त्याच्यासोबत बँकेत गेलो तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो. पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवावं. खातं नीट असताना मुदत वाढवून मागणं किंवा काही महिन्यांची सवलत मागणं सोपं जातं, थकल्यावर बोलणी अवघड होतात. दुसरं म्हणजे मुदतवाढीवर फार भिस्त ठेवू नये. वरच्याच उदाहरणात कर्ज २० ऐवजी ३० वर्षांचं केलं तर हप्ता पाच हजारांनीच उतरतो, आणि एकूण भरणा ३४ लाखांनी वाढतो. त्यापेक्षा घर भाड्यानं देणं, किंवा स्वतःच भाडेकरू असाल तर लहान जागेत जाणं, यानं जास्त दिलासा मिळतो. घर भाड्यानं देताना भाडेकरार लेखी करून नोंदवून घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नुकसानभरपाईचे किंवा ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी कर्जात भरण्याची घाईही करू नये. घराच्या खर्चाला हातात रोकड लागते.

एक बाब मला मनापासून खटकते. गिरणीकामगाराची बेकारी सगळ्या चाळीला ठाऊक असायची, त्यामुळे वाणी थांबायचा, शेजारीण वाटी पुढे करायची. आज सोसायटीतला बेकार तरुण सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो आणि कॅफेत बसून संध्याकाळी परततो, कारण नोकरी गेल्याचं त्यानं घरीसुद्धा सांगितलेलं नसतं. असे तरुण मी पाहिले आहेत. ही लाज आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर लादली आहे आणि तिच्यापायी त्यांचे मोलाचे पहिले तीन महिने वाया जातात.

या दिवाळीत फराळाला येणाऱ्यांत कुणाची नोकरी गेलेली असेल, तर "दुसरी लागली का?" असं विचारू नका. घराच्या हप्त्याचं किंवा भाड्याचं काय ठरवलंय ते विचारा, बँकेत सोबत जा, आणि तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल तर काही महिन्यांसाठी ती त्यांना देऊ करा.